ही फिलोमिना नाही

अट्रॅक्टा मॅक्टर्ननच्या अंगणात शिरायचं तर आधी तिच्या टर्क्यांची परवानगी लागते. फाटकाची कडी वाजली की मोठा नर शेपटीचा पंखा उभारून, पंखांची टोकं जमिनीला घासत पुढ्यात येतो, गळ्याखालची लोंबती कातडी लालभडक करतो आणि घशातून असा गडगडाट काढतो की नवा पोस्टमन एकदा पत्रं भिंतीवरच ठेवून परत गेला होता. कोंबड्या आणि बदकं मान वर करूनही बघत नाहीत. मी पलीकडच्याच शेतातली, माझं येणंजाणं रोजचं, म्हणून मी त्याला गमबुटाने बाजूला सारते. त्याला ते आवडत नाही, पण वाट देतो.

त्याचं नाव मॉन्सिन्यर. आमच्याकडे बिशपच्या खालोखालच्या पाद्र्याला तसं म्हणतात, आणि लाल पट्टा लावून चर्चच्या मधल्या वाटेने चालणारा तसला पाद्री ज्याने पाहिलाय, त्याला हे नाव का ठेवलं ते सांगावं लागत नाही. त्याच्याबरोबर दोन माद्या होत्या, असम्प्टा आणि फिलोमिना. सगळी नावं चर्चमधून उचललेली. आमच्या फादरना हे कळलं तेव्हा ते म्हणाले, निदान माझं नाव तरी मोकळं ठेवलंस, आभारी आहे.

आमच्या लीट्रिम परगण्यात टर्की पाळण्यात नवल काही नाही. नवल आहे ते न खाण्यात. अट्रॅक्टाच्या माहेरी तर सगळ्या पंचक्रोशीतल्या माद्यांच्या जोडणीसाठी सरकारने दिलेला नर ठेवलेला असायचा. आजूबाजूच्या बायका आपापली मादी पिशवीत घालून, डोकं तेवढं बाहेर ठेवून, सायकलवरून तिच्या आईकडे घेऊन यायच्या. अट्रॅक्टा टर्क्यांमध्येच वाढली आणि दर डिसेंबरात नाताळच्या जेवणासाठी त्यांची पिसंही तिनेच उपटली. ही बाई पुढे टर्कीला हाताने सोडा ब्रेड भरवेल असं कुणी म्हटलं असतं, तर सगळ्यात आधी तीच हसली असती.

झालं असं की ज्या सकाळी टर्क्या कापायला माणूस आला, त्याच सकाळी तिचा नवरा फ्रान्सी खुर्चीत बसल्या बसल्या गेला. त्या माणसाने सुरी पिशवीत ठेवली, फावडं घेतलं आणि बाकीच्या शेजाऱ्यांबरोबर कबर खणायला गेला. घर माणसांनी भरून गेलं. फ्रान्सीला पुढच्या खोलीत ठेवलं होतं आणि आम्ही सगळे गुडघे टेकून रोझरी म्हणत होतो. आमचा सगळ्यांचा आवाज एकदम चढला की खिडकीबाहेरून तो नर तितक्याच जोरात गडगडाट करून साथ द्यायचा. आधी एकजण फुसकन हसला, मग दुसरा, मग आवरेना. अट्रॅक्टा हातरुमालात तोंड खुपसून बसली होती. ती हसत होती की रडत होती ते मला आजही सांगता येणार नाही. त्यानंतर त्या तिघांना कापायची गोष्ट कुणी काढली नाही.

म्हणून टर्क्या राहिल्या. सगळे तिला सांगायचे की टर्क्या कोंबड्यांबरोबर ठेवू नयेत, कोंबड्यांच्या घाणीतला रोग टर्क्यांना लागतो आणि त्या पटापट मरतात. ती मान डोलवायची, बरोबर आहे म्हणायची आणि सगळ्यांना एकाच अंगणात सोडायची. मात्र पाण्याची भांडी रोज घासायची, खुराड्यातला पेंढा सारखा बदलायची आणि कुंपणाकडचा, हाताला झोंबणारा रानपाला चिरून उकडलेल्या अंड्यात कालवून घालायची. टर्क्या कधी आजारी पडल्या नाहीत. हे तिचं नशीब, असं मॅलकी म्हणायचा. मॅलकी म्हणजे माझा नवरा.

आता तिच्या डोक्याविषयी. गेल्या वर्षभरात ती विसरायला लागली होती, यात खोटं काही नाही. रिकामी केटली चुलीवर ठेवून जाळली. मुलाला फ्रान्सी म्हणून हाक मारली. एकदा रविवार समजून सोमवारीच मिस्साला गेली आणि चर्चच्या बंद दारापुढे उभी राहिली. मी चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधते तेव्हा मला कुणी काही म्हणत नाही. पण मी जेमतेम साठीची, ती ऐंशीला टेकलेली, आणि मुलगा लांब राहणारा.

मुलाचं नाव फिन्टन. स्लायगोला असतो. पोरगा वाईट नाही, घाबरट आहे. दर रविवारी येऊन आधी आईचा फ्रिज उघडतो आणि दुधाचा वास घेतो. त्याने तिकडच्या एका नर्सिंग होममध्ये आईसाठी बोलून ठेवलं होतं, आणि सरकारी नर्स घरी येऊन ठरवणार होती की ही बाई यापुढे एकटी राहू शकते का. नर्स नाही म्हणाली की घर बंद. अट्रॅक्टाला हे सगळं माहीत होतं. तिकडे टर्क्या नेता येतात का, हेही तिने विचारून घेतलं होतं. येत नाहीत.

अशा दिवसांत, फेब्रुवारीतल्या एका सकाळी मी अंडी आणायला गेले तर अट्रॅक्टा फाटकापाशी उभी. अंगात कोट नाही, डोक्यावर टोपी नाही, दाण्याचं भांडं हातात तसंच भरलेलं.

"ऊना," ती म्हणाली, "ही फिलोमिना नाही."

मी अंगणात बघितलं. मॉन्सिन्यर होता, एक मादी पाण्यापाशी होती, दुसरी लाकडांच्या ढिगाजवळ मान खाली घालून उभी होती. खरं सांगायचं तर त्या दोन माद्यांमधली कोण कुठली हे मला कधीच कळलं नाही. दोघी काळपट तांबूस, दोघींचा चेहरा सासूने नुकतंच काही ऐकवल्यासारखा.

"मग कोण आहे?" मी विचारलं.

"तेच तर कळत नाही. ही काल संध्याकाळपर्यंत माझ्याकडे नव्हती."

मग तिने मला एकेक दाखवायला सुरुवात केली. मॉन्सिन्यर पहाटेपासून त्या मादीपुढे पिसारा फुलवून नाचतोय. इतक्या वर्षांच्या बायकोपुढे कोण असं नाचतं, तुझा मॅलकी नाचतो का, असं तिने मला विचारलं. असम्प्टा तिला दाण्यापाशी फिरकू देत नव्हती. कोंबड्यासुद्धा तिला हुसकत होत्या, आणि फिलोमिनाला तर कोंबड्या वचकून असायच्या. हाक मारली तर येत नव्हती. ब्रेडचा तुकडा पुढे केला तर हाताकडे बघून मागे सरकत होती.

मी म्हटलं की पिसं झडत असतील, आजारी असेल. आजारी पक्ष्याला बाकीचे असंच वागवतात, हे मीही आईकडून ऐकलंय. अट्रॅक्टाने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "असेल." आमच्याकडे कुणी तोंडावर नाही म्हणत नाही. असेल म्हणतात आणि आपलंच धरून बसतात. मीही तेच केलं. ही फिलोमिनाच आहे, तू आधी घरात चल आणि कोट घाल, असं म्हणून तिला आत नेलं.

रविवारी फिन्टन आला तेव्हा तिने जेवताना त्यालाही सांगितलं. त्याचा चेहरा उतरला. काटा बशीत ठेवून तो अंगणात गेला, फोनमधला नाताळचा फोटो उघडला आणि त्या मादीशी ताडून बघायला लागला. फोटोत आई हसत होती, मॉन्सिन्यर अर्धा दिसत होता, आणि फिलोमिनाने कॅमेऱ्याकडे पाठ केली होती. शेपटीवरून ओळखायचा त्याने बराच प्रयत्न केला. मग आत येऊन तो अगदी हळू आवाजात आईला म्हणाला की हीच ती आहे, तुझी चूक होतेय. जाताना त्याने मला गाडीपाशी गाठलं. आज टर्की ओळखत नाही, उद्या मला ओळखणार नाही, असं म्हणताना त्याचे डोळे भरून आले. त्या आठवड्यात त्याने नर्सला फोन करून तिचं येणं अलीकडे आणलं.

त्यानंतरचे दिवस मला आठवायला आवडत नाहीत. अट्रॅक्टा अंगणात जाऊन त्या मादीसमोर उभी राहायची, सगळ्या बाजूंनी बघायची, पुढून, मागून, खाली वाकून. मादीही तिच्याकडे बघत राहायची. दोघीही सारख्याच गोंधळलेल्या. मग आत यायची आणि केटली चुलीवर ठेवायची का नाही यावर विचार करत बसायची, कारण आता तिला स्वतःच्या हातांचा भरवसा उरला नव्हता. मीठ घातलं की नाही, दार लावलं की नाही, सगळं ती मला विचारायला लागली. आधी विसरायची त्यापेक्षा आता दुप्पट विसरत होती. मी एकदा तिच्यावर ओरडले, म्हटलं एका टर्कीसाठी एवढं काय. ती रागावली नाही.

"मी झोपताना ठरवते की ही तीच आहे," ती म्हणाली. "सकाळी दार उघडते आणि ती नसते."

मी केटली चुलीवर ठेवली.

"ऊना, डोकं जायला लागलं की असंच वाटत असेल का गं? की आपलंच बरोबर आहे?"

मी तिचा कप विसळला आणि घरी आले. माझी मलाच लाज वाटत होती आणि कशाची ते कळत नव्हतं.

नर्स यायच्या आदल्या दिवशी मी मेंढ्यांचं खाद्य आणायला दुकानात गेले. तिथे डोंगरापलीकडची कन्सेप्टा रूनी भेटली. तिच्याकडेही कोंबड्या, बदकं, टर्क्या असतात. इकडचंतिकडचं बोलून झाल्यावर तिने विचारलं की टर्की रुळली का. माझं लक्ष नव्हतं, मला वाटलं ती अट्रॅक्टाचं विचारतेय, म्हणून मी म्हटलं की बरी आहे, उद्या नर्स येणार आहे. कन्सेप्टा चमकली. टर्कीला नर्स? म्हणाली, इतकी आजारी होती का, माझ्याकडून नेली तेव्हा तर ठणठणीत होती. मी म्हटलं कोणी नेली. ती म्हणाली, तुझ्या मॅलकीने. मी म्हटलं माझ्या मॅलकीने टर्की आणलेली नाही. ती म्हणाली, अगं मी स्वतः त्याच्या गाडीत खोक्यात घालून दिली. आम्ही दोघी एकमेकींकडे बघत उभ्या राहिलो. क्षणभर मला वाटलं ही गोंधळाची साथच आलीय, आधी अट्रॅक्टा, आता कन्सेप्टा, आणि पुढचा नंबर माझा. खाद्याची पोती गाडीत टाकली आणि अर्ध्या वाटेत आल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला. उरलेल्या वाटेत मी गाडी कशी चालवली ते देव जाणे.

मॅलकी स्वयंपाकघरात बसून कुत्र्याला पावाची कड भरवत होता. कुत्र्याचं नाव मॉस. मेंढ्या वळायला त्याच्यासारखा कुत्रा या बाजूला नाही, असं मॅलकी सगळ्यांना सांगतो, आणि माझ्याशी वर्षभरात बोलत नाही इतकं तो मॉसशी एका दुपारी बोलतो.

"कन्सेप्टा विचारत होती, टर्की रुळली का," मी म्हटलं.

त्याचे कान लाल झाले. मॅलकीला खोटं बोलता येतं, पण त्याच्या कानांना येत नाही. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. आदल्या तिन्हीसांजेला अंगणाबाहेर भटकलेल्या फिलोमिनाला मॉसने धरलं होतं. आमच्या वरच्या शेतात, कुंपणाच्या आड, मॅलकी पोचला तेव्हा ती गेलेली होती. आता आमच्याकडे याचा एकच अर्थ होतो. ज्या कुत्र्याने पक्षी मारला तो उद्या कोकरू मारेल, आणि कोकरं जन्माला यायचे दिवस तोंडावर आलेले. ज्याचं नुकसान झालं त्याच्या दारात जाऊन सांगायचं, आणि तो बोलला काय न बोलला काय, कुत्र्याला गोळी घालायची. मॅलकीच्या बापाने घातली होती, त्याच्या आजाने घातली होती. मॅलकीच्याने ते झालं नाही. त्याने फिलोमिनाला काटेरी झुडपाखाली पुरलं, रातोरात डोंगरापलीकडे जाऊन तशीच दिसणारी मादी आणली आणि उजाडताना अट्रॅक्टा उठायच्या आत अंगणात सोडली.

"मला वाटलं टर्की ती टर्की," तो म्हणाला. "आणि तूच तर तिला सांगितलंस की हीच ती. मग मी म्हटलं, निभावलं."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. कुत्रा वाचवायला बाईला वेडं ठरवलंस, असं मी त्याला म्हणाले. त्यापुढेही पुष्कळ म्हणाले, ते इथे लिहिण्यासारखं नाही. तो मान खाली घालून ऐकत होता. त्याने एकच सांगितलं की रोज सकाळी तो सांगायचं ठरवून फाटकापर्यंत जायचा, अट्रॅक्टा हात हलवायची, तोही हात हलवायचा आणि पुढे जायचा. मी म्हटलं, उद्या नर्स आणि फिन्टनच्या समोर फाटकाच्या आत जायचं. तो हो म्हणाला. मॉस टेबलाखाली पडून शेपटी हलवत होता, कारण त्याला आपलं नाव ऐकू आलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी चहाचं निमित्त करून सकाळीच अट्रॅक्टाकडे गेले. तिला आधी सगळं सांगायचं असं मी ठरवलं होतं, पण फिन्टन माझ्याही आधी आलेला, आणि मी तोंड उघडते तोवर नर्सची गाडी फाटकाशी आली. मॉन्सिन्यरने तिला बराच वेळ गाडीतून उतरू दिलं नाही. नर्सचं नाव गेरटी. चांगली बाई होती, बुटाला लागलेली घाण दिसूनही तिने काही म्हटलं नाही.

अट्रॅक्टाने निळा स्वेटर घातला होता, केस विंचरले होते. आज कोणता वार, कोणता महिना, आजारी पडलीस तर कुणाला फोन करशील, सगळ्याची उत्तरं तिने नीट दिली. मी चुलीपाशी उभी होते, मला तिचे टेबलाखालचे हात दिसत होते. तिने टेबलाची कड घट्ट धरली होती. मग फिन्टन खाकरला. त्याला लपवाछपवी जमत नाही, हा त्याचा गुणही आहे आणि खोडही.

"आई, टर्कीचं सांग ना त्यांना," तो म्हणाला.

"फिलोमिनाचं?" अट्रॅक्टा शांतपणे म्हणाली. "अंगणात आहे ती. मध्यंतरी मला उगाच काहीतरी वाटत होतं. माझी चूक होती."

फिन्टनने मोठा श्वास सोडला. नर्सने लिहायला पेन टेकवलं, आणि दारात मॅलकी आला. रविवारचा कोट घातलेला, टोपी हातात, केस पाण्याने चपटे बसवलेले.

"ती फिलोमिना नाही," तो म्हणाला.

अट्रॅक्टाने त्याच्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. तिला वाटलं तो तिची बाजू घ्यायला आलाय, चांगुलपणाने, आणि नेमक्या नको त्या वेळी.

"मॅलकी, बस. चहा घे. फिलोमिनाच आहे ती."

"नाही, अट्रॅक्टा. नाही ती."

"आहे. मी नीट बघितलंय."

"तू नीटच बघितलं होतंस. ती नाही."

फिन्टन उठून उभा राहिला. म्हणाला की मॅलकी, तू तरी आता हे सुरू करू नकोस. नर्सने पेन खाली ठेवलं आणि मला विचारलं की आज नक्की तपासायचं कुणाला आहे. मी म्हटलं बाई, त्याला बोलू द्या. मग मॅलकीने सगळं सांगितलं, उभ्याउभ्याच, टोपी हातात फिरवत, मॉसपासून खोक्यापर्यंत. सांगून झाल्यावर तो म्हणाला की कुत्रा बाहेर गाडीत आहे, तू म्हणशील ते करतो.

अट्रॅक्टाने टेबलाची कड सोडली होती. हात मांडीवर पडले होते.

"कुठे पुरलीस?" तिने विचारलं.

"वरच्या शेतात. काटेरी झुडपाखाली."

"म्हणजे माझं बरोबर होतं."

नर्स फिन्टनकडे बघत होती, फिन्टन टेबलाकडे.

"बोला ना," ती म्हणाली. "माझं बरोबर होतं की नाही?"

"होतं, आई," फिन्टन म्हणाला. तो तिच्याकडे बघू शकत नव्हता. मीही नाही.

ती मॅलकीकडे वळली. "कुत्र्याला मारू नकोस. बांधून ठेव. टर्की गेली त्याचं वाईट वाटतंय, पण कुत्रा तो कुत्रा. तू मात्र रोज मला हात हलवून जात होतास, मॅलकी. मी त्या पाखरापुढे वेड्यासारखी उभी असायचे आणि तू हात हलवत होतास." मग ती म्हणाली, "आता घरी जा."

तो गेला. मग नर्सने घसा साफ केला. ती म्हणाली की मिसेस मॅक्टर्नन, मला वाईट वाटतं, पण एक विचारावं लागेल. ती फिलोमिना नाही असं तुम्हाला वाटत असूनही तुम्ही मला आत्ता अगदी शांतपणे सांगितलंत की ती फिलोमिनाच आहे.

"खरं सांगितलं असतं तर तुम्ही काय लिहिलं असतंत?" अट्रॅक्टाने विचारलं.

गेरटीबाईंनी कागद मिटला. मग त्यांनी पेनाचं टोपण लावलं आणि माझ्याकडे वळून विचारलं की रोज कुणी येऊन बघून जाऊ शकेल का. मी म्हटलं मी येतेच, अंड्यांसाठी. आता अंड्यांशिवायही येईन. त्या म्हणाल्या, मग सध्या राहू देत. सध्या हा शब्द त्यांनी जपून उच्चारला, पण अट्रॅक्टाने तो ऐकला, मी बघितलं.

तर ती घरीच राहिली. कोकरं जन्मून बाहेर चरायला जाईपर्यंत ती मॅलकीशी बोलली नाही. तो तिच्या दाराशी दलदलीतून कापून वाळवलेल्या, जळणाच्या मातीच्या लाद्या रचून यायचा आणि ती त्या जाळायची, एवढाच व्यवहार. मॉस साखळीला असतो आणि मेंढ्या वळायच्या वेळी तेवढा सुटतो. फिन्टन रविवारी येतो, पण आता फ्रिज उघडायच्या आधी आईला विचारतो. ती नवी मादी हळूहळू बाकीच्यांत मिसळली. असम्प्टा आता तिला दाणे खाऊ देते. मॉन्सिन्यरचं नाचणं थांबलं, म्हणजे संसार सुरू झाला म्हणायचा. नाव मात्र अट्रॅक्टाने तिला ठेवलेलं नाही. मी विचारलं तर म्हणते, बघू.

मी रोज सकाळी जाते. ती दाणे टाकत असते. टाकता टाकता थांबते, त्या मादीकडे बोट करते आणि मला विचारते, "ऊना, ही फिलोमिना नाही ना?" मी म्हणते, नाही. ती म्हणते, "बरं," आणि पुढच्या मुठीचे दाणे टाकते.

पहिल्यांदा मला वाटलं माझी फिरकी घेतेय. माझी आणि मॅलकीची दोघांची, आणि तो तिचा हक्कच होता. पण ती रोज विचारते. त्याच जागी, त्याच आवाजात, आणि उत्तर ऐकेपर्यंत तिचा चेहरा अगदी कोरा असतो. शेवटी काल मी धीर करून विचारलं की अट्रॅक्टा, खरं सांग, तू विसरतेस का गं?

तिने भांडं भिंतीवर ठेवलं आणि माझ्या दंडावर हात ठेवला.

"विसरत नाही गं पोरी. तुम्ही सगळे जण मला आहे आहे म्हणत होतात ना. कुणीतरी नाही म्हटलेलं ऐकलं की बरं वाटतं."

हे तिने अगदी शांतपणे सांगितलं. नर्सला सांगितलं होतं तसंच. मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले, पण हे खरं की तेव्हासारखंच झाकलेलं, ते मला काही म्हणजे काही कळलं नाही. फिन्टनला मी हे सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. उद्या सकाळी ती पुन्हा विचारेल, आणि मी नाही म्हणेन.